घरगुती संगणकातील विषाणू-निर्मूलनाचा इतिहास : दुरुस्ती आणि पुसणी
(महाराष्ट्र व विशेषतः नाशिक शहराच्या संदर्भात)

प्रस्तावना

इतिहासाची साधने कशी नष्ट होतात, हे इतिहासाच्या अभ्यासकांना नव्याने सांगावयास नको. वाळवी, ओल, आग, पूर, भाऊबंदकीतील वाटण्या आणि रद्दी ही त्याची परिचित कारणे होत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून घराण्यांची दप्तरे शोधीत होते, ते या कारणांनी कागद गिळण्यापूर्वी ते हाती यावेत म्हणून. विसाव्या शतकाच्या अखेरीस या यादीत आणखी एका कारणाची भर पडली. घरातील संगणकाला 'व्हायरस लागला', तो काढण्यात आला आणि त्याबरोबर संगणकातील सर्व मजकूर गेला, ही हकीगत १९९५ ते २०१५ या काळात महाराष्ट्रातील असंख्य मध्यमवर्गीय घरांत घडली. प्राध्यापकांच्या घरांत तर ती विशेष घडली. कारण शोधनिबंध, टिपणे, प्रश्नपत्रिका, मुलाखतींचे लेखन हे सर्व त्याच एका यंत्रात असे.

अशा वेळी आपण 'व्हायरसने सगळे खाल्ले' असे म्हणतो. परंतु विषाणू काढण्याच्या तंत्राचा इतिहास तपासला असता असे दिसते की, पुष्कळदा मजकूर विषाणूने नष्ट केलेला नव्हता. तो विषाणू काढण्याच्या रीतीने नष्ट झाला. प्रस्तुत निबंधाचा हाच प्रतिपाद्य विषय आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

१) घरगुती संगणकातील विषाणू काढण्याच्या पद्धती कालक्रमाने कशा बदलत गेल्या, ते पाहणे.
२) या प्रवासात पुणे व नाशिक येथील दुरुस्ती-व्यवसायाचे स्थान निश्चित करणे.
३) विषाणू-निर्मूलनाचा खाजगी व कौटुंबिक दस्तऐवजांवर झालेला परिणाम समजून घेणे.

प्रस्तुत अभ्यास वर्णनात्मक व ऐतिहासिक पद्धतीचा आहे. त्यासाठी सार्वजनिकरीत्या उपलब्ध माहिती व स्वतःचे अनुभव यांचा आधार घेतला असून सांख्यिकीय सर्वेक्षणाचा दावा केलेला नाही. 'संगणकीय विषाणू' आणि बोलीतील 'व्हायरस' हे शब्द येथे व्यापक अर्थाने, म्हणजे सर्व प्रकारच्या उपद्रवी आज्ञावलींसाठी वापरले आहेत.

१. विषाणूची संकल्पना आणि भारतातील प्रवेश

स्वतःची नक्कल स्वतः करणाऱ्या यंत्राचा सैद्धांतिक विचार जॉन फॉन नॉयमन यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मांडला होता. १९८३-८४ मध्ये अमेरिकेत फ्रेड कोहेन यांनी अशा आज्ञावलींवर प्रयोग केले. त्यांना 'विषाणू' हे नाव देण्याची सूचना त्यांचे मार्गदर्शक लेनर्ड एडलमन यांची. प्रत्येक विषाणू अचूक ओळखील अशी एकच पद्धत तत्त्वतः असू शकत नाही, हेही कोहेन यांनी तेव्हाच दाखवून दिले. म्हणजे या क्षेत्रात कायमचा इलाज नाही, हे प्रारंभीच सिद्ध झाले होते. पुढील सर्व इतिहास हा त्या त्या वेळच्या उपचारांचा इतिहास आहे.

वैयक्तिक संगणकावरील पहिला मोठा विषाणू 'ब्रेन' हा १९८६ साली लाहोर येथे बासित व अमजद फारूक अल्वी या भावांनी तयार केला. त्यांनी आपले नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांकही त्यात घातले होते. हा विषाणू फ्लॉपीच्या ज्या पहिल्या भागावरून संगणक सुरू होतो, त्या भागात बसत असे. इंटरनेट नसलेल्या त्या काळात हातोहात फिरणारी फ्लॉपी हेच प्रसाराचे वाहन होते.

मराठी वाचकाला अधिक जवळचा वाटेल असा विषाणू म्हणजे 'जोशी'. जून १९९० मध्ये तो भारतात प्रथम आढळला. ५ जानेवारी या दिवशी संगणक सुरू केला की पडद्यावर 'हॅपी बर्थडे जोशी' असे टंकलिखित करण्याची आज्ञा येई आणि ती पाळल्याशिवाय संगणक पुढे सरकत नसे. त्याचा कर्ता कोण, हे उजेडात आले नाही. मात्र या गमतीमागील तंत्र साधे नव्हते. तीन कळा एकत्र दाबून संगणक पुन्हा सुरू केला तरी 'जोशी' स्मृतीत टिकून राही. त्यामुळे यंत्राची वीज पूर्ण बंद करणे, लिहिण्यास बंदी केलेल्या स्वच्छ फ्लॉपीवरून ते सुरू करणे आणि मगच उपचारास हात घालणे, ही शिस्त तंत्रज्ञांच्या अंगवळणी पडली.

२. मूळ प्रत परत मिळवण्याचे तंत्र

या पहिल्या पिढीच्या विषाणूंची एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्यांना जगण्यासाठी यजमान संगणक चालू राहणे आवश्यक होते. म्हणून 'स्टोन्ड' किंवा 'मायकेलअँजेलो' यांसारखा विषाणू हार्ड डिस्कच्या पहिल्या भागात शिरताना तेथील मूळ मजकूर त्याच डिस्कवर दुसऱ्या ठिकाणी ठेवून देई आणि स्वतःचे काम झाले की त्याच्याकडे सूत्रे सोपवी. आज्ञावलींना चिकटणारे विषाणू सामान्यतः फाइलच्या शेवटी स्वतःला जोडत, आरंभीचे काही अंश बदलून वाट आपल्याकडे वळवत आणि ते मूळ अंश आपल्या पोटात जपून ठेवत.

त्यामुळे उपचार करणाऱ्याला मूळ प्रत परत मिळवता येई. ठेवलेला भाग शोधून जागेवर आणणे, वळवलेली वाट सरळ करणे आणि जोडलेले शेपूट छाटून फाइल तिच्या पहिल्या लांबीची करणे, असे हे काम होते. हस्तलिखितातील प्रक्षेप ओळखून मूळ पाठ सिद्ध करणाऱ्या संपादकाच्या कामाशी त्याचे साम्य आहे. दोहोंतही प्रथम विकृतीचे स्वरूप समजून घ्यावे लागते.

ते न समजता केलेला उपाय महागात पडे. 'मंकी' या विषाणूने डिस्कच्या विभागणीचा तक्ता गुप्तलिपीत बदलून अन्यत्र हलवलेला असे. अशा वेळी 'एफडिस्क' आज्ञेने पहिला भाग नव्याने लिहिला की विषाणू जाई, पण त्याबरोबर डिस्कवरील मजकुराकडे जाण्याची वाटही बंद होई. १९९४ च्या सुमारास जगभर पसरलेला 'वन हाफ' हा विषाणू तर दर वेळी डिस्कचा थोडा थोडा भाग गुप्तलिपीत टाकी. तो स्मृतीत असेपर्यंत वापरणाऱ्याला सर्व मजकूर नीट दिसे. किल्ली विषाणूजवळच असल्याने त्याला घाईने पुसणे म्हणजे किल्ली फेकून देणे होते. आधी मजकूर सोडवावा आणि मग विषाणू काढावा, हा क्रम या अनुभवातून प्रस्थापित झाला.

३. दुरुस्तीच्या दुकानातून उभा राहिलेला उद्योग

महाराष्ट्रात या विद्येचा व्यवसाय झाला, तो विद्यापीठातून किंवा मोठ्या उद्योगसमूहातून नव्हे, तर दुरुस्तीच्या दुकानातून. कैलाश काटकर यांचे औपचारिक शिक्षण शालेय टप्प्यावरच थांबले होते. पुण्यात रेडिओ व कॅल्क्युलेटरच्या दुरुस्तीचे काम शिकून १९९० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांनी स्वतःचे दुकान थाटले. कॅल्क्युलेटरपाठोपाठ संगणकही दुरुस्तीला येऊ लागले आणि त्यांतील पुष्कळांचा बिघाड विषाणूमुळे झालेला असे. त्यांचे धाकटे बंधू संजय हे पुण्याच्या मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकत होते. दुकानात आलेल्या यंत्रांसाठी त्यांनी निर्मूलनाच्या लहान लहान आज्ञावली लिहिल्या. त्यांतून १९९५ च्या सुमारास डॉस प्रणालीसाठी 'क्विक हील' हे उत्पादन तयार झाले. 'कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस' या नावाने चालणाऱ्या या कंपनीने २००७ साली 'क्विक हील टेक्नॉलॉजीज' हे नाव धारण केले आणि २०१६ साली तिच्या समभागांची शेअर बाजारात नोंदणी झाली.

या इतिहासात नाशिकला विशेष स्थान आहे. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कंपनीने पुण्याबाहेर विस्तार करावयाचे ठरविले, तेव्हा तिची पहिली शाखा मुंबईत न निघता नाशिकला निघाली. याचा अर्थ लावताना तत्कालीन नाशिककडे पाहावे लागते. १९८९ साली येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली होती आणि त्याच्या अभ्यासकेंद्रांतून संगणकाचे शिक्षण लहान गावांपर्यंत जात होते. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने त्यास गती दिली. सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहती, मुद्रणालये, डीटीपी केंद्रे व महाविद्यालये यांमुळे संगणक वापरणारा वर्ग मोठा होता. मात्र महागड्या परदेशी उत्पादनाऐवजी ओळखीच्या दुकानदारावर विसंबणे त्याला अधिक सोयीचे वाटे. विषाणू-प्रतिबंधक आज्ञावली या ओळखीच्या माणसामार्फतच घरात शिरली, असे अनुमान येथे करावेसे वाटते.

उत्पादनाच्या नावातील 'हील' या शब्दाचा अर्थ बरे करणे असा आहे. दुरुस्ती करणाऱ्याकडे ग्राहक यंत्र देतो, ते जसे होते तसे परत मिळावे म्हणून. फाइल पुसून टाकणारा उपाय त्याच्या दृष्टीने उपाय नव्हे. त्या काळातील सर्वच चांगली उत्पादने फाइल दुरुस्त करण्याचा प्रयत्न करीत. परंतु दुकानातून निघालेल्या या आज्ञावलीमागे दुकानाचा हा व्यवहारधर्म होता, हे नोंदवणे आवश्यक आहे.

४. 'फॉरमॅट मारणे' : एका वाक्प्रचाराचा उदय

१९९९ नंतर परिस्थिती पालटली. २६ एप्रिल १९९९ रोजी तैवानच्या चेन इंग-हाउ याने लिहिलेल्या 'सीआयएच' अर्थात 'चेर्नोबिल' विषाणूने हार्ड डिस्कचा आरंभीचा भाग खोडला. काही संगणकांच्या मुख्य पटलावरील मूलभूत आज्ञावलीही त्याने निकामी केल्या, त्यामुळे चिप बदलल्याशिवाय ते सुरू होईनात. ४ मे २००० रोजी 'आय लव्ह यू' हा ई-मेलमधून पसरला. ११ ऑगस्ट २००३ च्या सुमारास आलेल्या 'ब्लास्टर'ला फ्लॉपी, ई-मेल कशाचीच गरज नव्हती. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट जोडले की काही वेळात संगणक साठ सेकंदांची उलटी गणती दाखवून बंद पडे. त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १६ जुलै २००३ रोजीच दिली होती. पण तारेवरच्या संथ इंटरनेटवरून ती उतरवून घेणे वेळखाऊ होते आणि विनापरवाना प्रती बसवलेल्या घरांत अशा दुरुस्त्यांची सवयच नव्हती.

या नव्या पिढीतील बहुसंख्य उपद्रवी आज्ञावली कोणत्याही फाइलला चिकटत नव्हत्या. त्या स्वतंत्र होत्या. 'बरे करण्यासारखी' फाइल उरली नाही. पुसणे हाच उपचार झाला. त्या स्वतःची नोंद विंडोजच्या नोंदवहीत अनेक ठिकाणी करीत. त्या सर्व नोंदी हाताने शोधण्यास तंत्रज्ञाला अर्धा दिवस लागे, तर संपूर्ण डिस्क पुसून विंडोज नव्याने बसवण्यास दीड-दोन तास पुरत. ग्राहक मोबदला देई तो सारखाच. या साध्या अर्थकारणातून 'फॉरमॅट मारणे' हा वाक्प्रचार मराठीत रूढ झाला.

या काळात नाशिकच्या कोणत्याही वसाहतीत दिसणारे दृश्य आठवून पाहावे. सीडींची पिशवी घेऊन दुचाकीवरून येणारा तरुण तंत्रज्ञ संगणक उघडतो, दोन मिनिटे पाहतो आणि म्हणतो, "काका, फॉरमॅटच मारावं लागेल. महत्त्वाचं काही असेल तर डीमध्ये टाकून घ्या." डिस्कचे 'सी' आणि 'डी' असे भाग करून केवळ 'सी' पुसण्याची ही पद्धत एका अर्थी मजकूर वाचवण्याचीच लोकरीत होती. तिच्यातील उणीव अशी की, 'माय डॉक्युमेंट्स' आणि पडद्यावर समोर दिसणाऱ्या सर्व फाइली प्रत्यक्षात 'सी' मध्येच असत. घरातील वडीलधाऱ्यांना हे माहीत नसे आणि घाईत विचारलेल्या प्रश्नाला "काही नाही, मारा" असे उत्तर मिळे.

मराठी लेखनाच्या बाबतीत आणखी एक हानी झाली. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या प्रणालींच्या विशिष्ट फॉन्टमध्ये टंकलिखित होत असे. फॉरमॅटनंतर मजकूर 'डी' मध्ये सुखरूप राहिला तरी फॉन्ट गेलेले असत. फाइल उघडली की मराठीऐवजी रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक रांग दिसे. तिला 'व्हायरस लागलेली फाइल' समजून पुसून टाकल्याची उदाहरणे प्रस्तुत लेखिकेच्या पाहण्यात आहेत. ती फाइल निरोगी होती. केवळ तिची लिपी हरवली होती. मोडी वाचता येत नाही म्हणून जुने कागद रद्दीत घालण्याचाच हा संगणकीय अवतार होय.

५. लपवलेला मजकूर : एक अनुभव

२००५ नंतर फ्लॉपीची जागा पेन ड्राइव्हने घेतली. पेन ड्राइव्ह जोडताच त्यातील आज्ञा आपोआप चालवण्याची विंडोजची सोय विषाणूंच्या पथ्यावर पडली. फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजसाठी ही सोय बंद करणारी सुधारणा सर्वत्र पाठवली. त्यानंतर 'शॉर्टकट व्हायरस' या नावाने ओळखला जाणारा प्रकार बोकाळला. पेन ड्राइव्ह उघडला की सर्व फोल्डरांच्या जागी त्याच नावांचे शॉर्टकट दिसत. त्यांवर टिचकी मारली की विषाणू पुढील संगणकात जाई.

२०१३ साली प्रस्तुत लेखिका एम. फिल. साठी नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांवर काम करीत होती. यात्रेकरूंची गावे, कुळे व पिढ्या यांच्या नोंदी या वह्यांत असतात. एका वयोवृद्ध उपाध्यायांनी मोठ्या विश्वासाने आपल्या वह्या पाहू दिल्या. छायाचित्रे काढू नयेत, हाताने मात्र लिहून घ्यावे, अशी त्यांची अट होती. चार महिन्यांची ती टिपणे संगणकावर चढवून मूळ कागद टाकून दिले होते. एक प्रत पेन ड्राइव्हवर व एक घरच्या संगणकाच्या पडद्यावरील फोल्डरात होती. टंकलेखन केंद्रातून पेन ड्राइव्हला शॉर्टकट व्हायरस लागला आणि त्याच्यामार्फत तो घरच्या संगणकात आला. घरी आलेल्या तंत्रज्ञाने दोन्हींवर एकच उपाय केला. दोन्ही प्रती एकाच संध्याकाळी पुसल्या गेल्या.

पुढे वर्षभराने एका सहकाऱ्याकडून कळले की, हा विषाणू मूळ फोल्डरांना हातही लावत नाही. तो त्यांना केवळ 'लपवलेले' व 'प्रणालीचे' अशी खूण करतो. ती खूण काढण्यासाठी 'अॅट्रिब' ही डॉसकालीन एका ओळीची आज्ञा पुरेशी असते. फॉरमॅटनंतरही जुना मजकूर काही काळ परत मिळवता येतो. परंतु तोवर त्या दोन्ही साधनांवर नवा मजकूर अनेकदा चढला होता. उपाध्यायांचे दरम्यान निधन झाले आणि वह्या वारसांत विभागल्या गेल्या. प्रबंधात ते प्रकरण नाही.

हा अनुभव सांगण्यामागे कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. तंत्रज्ञाने तेव्हाच्या रूढीप्रमाणे काम केले. आत काय आहे हे त्याला सांगण्याची आणि कागद जपण्याची जबाबदारी लेखिकेची होती. परंतु 'जोशी'च्या काळातील तंत्रज्ञाला जे ज्ञान असणे अपरिहार्य होते, ते वीस वर्षांत दुकानातून कसे ओसरले, याचे हे उदाहरण आहे.

६. कायदा, शासन व आजची स्थिती

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला. त्याच्या कलम ४३ मध्ये संगणकीय विषाणूची व्याख्या आहे. दुसऱ्याच्या संगणकात परवानगीवाचून विषाणू सोडणाऱ्यावर या कलमाने नुकसानभरपाईचे दायित्व टाकले. २१ फेब्रुवारी २०१७ रोजी केंद्र शासनाने 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू केले आणि नागरिकांना निर्मूलनाची मोफत साधने उपलब्ध करून दिली. ती पुरवण्यात क्विक हीलचा सहभाग होता. मध्यंतरी २०१२ च्या विंडोज ८ पासून विषाणू-प्रतिबंधक आज्ञावली प्रणालीतच अंतर्भूत झाली होती. आज घरगुती संगणकातील बहुतेक निर्मूलन वापरणाऱ्याच्या नकळत घडते.

परंतु २०१३ नंतर बळावलेल्या खंडणीखोर आज्ञावलींनी जुना प्रश्न नव्याने उभा केला आहे. त्या मजकूर गुप्तलिपीत टाकून किल्लीसाठी पैसे मागतात. १२ मे २०१७ चा 'वॉनाक्राय' हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. येथे विषाणू काढला तरी मजकूर सुटत नाही. पुसण्याची घाई केली, तर पुढे किल्ली उपलब्ध झाल्यास सोडवण्यासारखे काही उरत नाही. युरोपोल व डच पोलिसांच्या पुढाकाराने जुलै २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'नो मोअर रॅन्सम' उपक्रमातून अनेक प्रकारांच्या किल्ल्या मोफत मिळू लागल्या आहेत. 'वन हाफ'ने शिकवलेला क्रम तीस वर्षांनंतरही तोच आहे.

निष्कर्ष

१) विषाणू-निर्मूलनाच्या इतिहासात दुरुस्ती व पुसणी असे दोन प्रवाह दिसतात. १९९५ पर्यंत पहिला प्रबळ होता. २००० नंतर विषाणूंचे स्वरूप आणि दुरुस्ती-व्यवसायाचे अर्थकारण या दोन कारणांनी दुसरा प्रबळ झाला.

२) महाराष्ट्रात या विद्येचा पाया दुरुस्तीच्या दुकानांत घातला गेला. पुण्यातील एका दुकानाने उत्पादन दिले आणि पुण्याबाहेर ते प्रथम रुजवण्यासाठी नाशिकची निवड झाली. स्थानिक इतिहासलेखनात या घटनेची नोंद व्हावयास हवी.

३) खाजगी संगणकीय दस्तऐवजांची या काळात झालेली हानी अंशतः टाळण्यासारखी होती. १९९५ ते २०१५ या कालखंडाचा सामाजिक इतिहास लिहिताना कौटुंबिक साधनांत जी पोकळी जाणवेल, तिचे एक कारण येथे आहे.

४) महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी निवृत्त प्राध्यापकांकडील जुन्या हार्ड डिस्क, सीडी व फ्लॉपी विषाणूबाधित म्हणून टाकून न देता, त्यांची तपासणी व प्रतकरण हाती घ्यावे. जुने मराठी फॉन्टही जपून ठेवावेत.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या शतकानुशतके टिकल्या, कारण वही जीर्ण झाली की तिची नक्कल करूनच जुनी बाजूला ठेवण्याचा त्यांचा प्रघात होता. विषाणूही नकलेच्या बळावरच जगतो. त्याच्यावर उपचार करण्यापूर्वी आपल्या मजकुराची एक नक्कल बाहेर काढून ठेवणे, ही त्या वह्यांनी घालून दिलेली रीत आपण संगणकाच्या बाबतीत पाळली पाहिजे.